बहावा लवकर फुलला, हापूसला पुन्हा मोहोर आला: हा हवामान बदल आहे का?

एका विज्ञान शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेसमोरचा बहावा, जो त्यांच्या आठवणीत एप्रिल-मेमध्ये फुलायचा, तो फेब्रुवारीतच फुलला. रत्नागिरीकडच्या त्यांच्या घरच्या हापूसवर फळे वाटाण्याएवढी झालेली असताना त्याच काड्यांवर दुसऱ्यांदा मोहोर आला. आणि मुलांना काजवे दाखवायला सह्याद्रीत जायचे ठरवले, तर पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला. या तिन्ही गोष्टी हवामान बदलामुळे घडल्या का, आणि एखादे झाड किंवा प्राणी पंधरा-वीस दिवस मागेपुढे झाला तर एवढे बिघडते काय, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. मी गेली सव्वीस वर्षे कोकणात आणि घाटमाथ्यावर झाडांची पालवी, फुलोरा आणि फळधारणा यांच्या नोंदी ठेवत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की या तिन्ही घटना एका जातीच्या नाहीत. बहाव्याच्या एकट्या झाडावरून काहीही सिद्ध होत नाही. हापूसच्या पुनर्मोहोराचा हवामानाशी संबंध थेट आहे, पण तो उष्णतेपेक्षा थंडीच्या विस्कटलेल्या क्रमाशी अधिक आहे. काजव्यांची गोष्ट पावसाच्या वेळेशी बांधलेली आहे, आणि आपल्याकडे पाऊस ही ऋतूची सर्वांत मोठी खूण असल्याने ती वेगळी समजून घ्यावी लागते. दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. झाड लवकर फुलले म्हणून त्याचे लगेच नुकसान होते असे नाही. पण जे जीव एकमेकांवर अवलंबून आहेत ते जेव्हा वेगवेगळ्या वेगाने सरकू लागतात, तेव्हा त्यांची हजारो वर्षांत बसलेली सांगड सुटते. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे, आणि तो नीट कळण्यासाठी आधी झाडे आणि प्राणी ऋतू कसा ओळखतात ते पाहावे लागेल.

काही जीव दिवसाची लांबी मोजतात. उत्तर अमेरिकेतील स्नोशू ससा हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी होतो, आणि हा रंगबदल मुख्यतः दिवस लहान-मोठा होण्यावरून ठरतो. बर्फ लवकर वितळला तरी त्याची लव ठरल्या वेळीच बदलते, त्यामुळे तपकिरी जमिनीवर पांढरा ससा शिकाऱ्याला दुरूनही दिसतो. काही जीव साठलेली ऊब मोजतात. वसंतात दिवसेंदिवस मिळणाऱ्या उष्णतेची बेरीज ठरावीक झाली की कळी उघडते किंवा अंडे फुटते. काहींना आधी थंडीचा हिशेब पुरा व्हावा लागतो. हिमाचल प्रदेशातील पारंपरिक सफरचंदाच्या जातींना हिवाळ्यात सुमारे ७ अंश सेल्सिअसखालचे एक हजाराच्या आसपास तास मिळावे लागतात, आणि ते मिळेनासे झाले म्हणून तिथली लागवड खालच्या भागांतून उंच डोंगरांकडे सरकत गेली आहे. आपल्याकडच्या कित्येक जीवांसाठी मातीतला ओलावा आणि पहिला पाऊस हीच हाक असते. आणि कारवीसारखी वनस्पती तर वर्षेच मोजते: सात-आठ वर्षे नुसती पालेदार वाढते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरउतार जांभळा करून, बी धरून मरून जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली आणि २०२४ मध्ये फुलली.

आता लक्षात घ्यायची गोष्ट ही, की या खुणांपैकी दिवसाची लांबी हवामान बदलामुळे तसूभरही हलत नाही. २१ मार्चचा दिवस आजोबांच्या वेळी जेवढा होता तेवढाच आजही आहे. उबेची बेरीज मात्र लवकर पुरी होऊ लागली आहे, थंडीची बेरीज काही ठिकाणी पुरीच होत नाही, आणि पाऊस त्याच्या मर्जीने कधी आधी तर कधी उशिरा येतो आहे. म्हणजे एकाच रानात राहणारे, एकमेकांना खाणारे, एकमेकांचे परागण करणारे जीव वेगवेगळी घड्याळे पाहत आहेत, आणि त्यातली काही घड्याळे पुढे गेली आहेत तर काही जागच्या जागी आहेत.

याचे सर्वांत नीट तपासलेले उदाहरण आपल्याकडचे नाही, नेदरलँड्समधले आहे. ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी असल्या की काय दिसू शकते याचा तो उत्तम नमुना आहे. होगे वेलुवे नावाच्या जंगलात १९५५ पासून ग्रेट टिट या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास चालू आहे. हा चिमणीएवढा पक्षी आपल्या वल्गुलीचा जवळचा भाऊबंद आहे. झाडांना टांगलेल्या लाकडी पेट्यांत तो घरटे करतो, त्यामुळे पहिले अंडे कोणत्या दिवशी पडले, किती पिल्ले उडाली हे वर्षानुवर्षे मोजता येते. पिल्लांचे वाढीचे दोन-तीन आठवडे हे आईबापांच्या जिवावरचे काम असते. दिवसाला शेकडो अळ्या आणून भरवाव्या लागतात. या अळ्या प्रामुख्याने ओक वृक्षावरच्या एका पतंगाच्या असतात. त्या पतंगाच्या मादीला उडता येत नाही. ऐन हिवाळ्यात ती खोडावरून चालत वर चढते आणि डहाळ्यांवर अंडी घालते. वसंतात ओकची कळी फुटताना ही अंडी फुटली पाहिजेत. दोन-चार दिवस आधी फुटली तर अळीला खायला पान नाही आणि ती उपाशी मरते. उशिरा फुटली तर पान जून होऊन तुरट झालेले असते. झाडाखाली कापड ताणून त्यावर पडणाऱ्या अळ्यांच्या विष्ठेचे वजन करून, वर अळ्या किती आहेत याचा अंदाज संशोधक घेतात. इतक्या साध्या साधनाने, पण न चुकता वर्षानुवर्षे घेतलेली ती नोंद आहे.

त्या नोंदीतून दिसले ते असे. वसंत उबदार होत गेला तसा अळ्यांचा बहर लवकर येऊ लागला, पण १९७३ ते १९९५ या काळात तिथल्या ग्रेट टिटची अंडी घालण्याची तारीख जवळपास हलली नाही. पिल्लांची भूक सर्वांत जास्त असते त्या दिवसांत अळ्या ओसरू लागलेल्या असायच्या. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात मात्र याच जातीच्या पक्ष्यांनी १९६० च्या दशकापासून अंडी घालण्याची वेळ सुमारे दोन आठवडे आधी आणली आणि अळ्यांची वेळ बऱ्यापैकी गाठली. जात एकच, अन्न एकच, आणि तरीही दोन जंगलांत दोन निकाल. म्हणून एखाद्या जातीवर हवामान बदलाचा अमुक परिणाम होतो असे सरसकट विधान कुणी केले, की मी आधी कुठल्या जागेवरची नोंद आहे ते विचारतो.

याच युरोपीय जंगलांत पाइड फ्लायकॅचर नावाचा माशीमार पक्षी येतो. तो हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. तिथे बसून त्याला नेदरलँड्समध्ये यंदा ऊब कधी आली हे कळण्याचा काहीच मार्ग नाही. तो दिवसाच्या लांबीवर विसंबून निघतो. पोहोचल्यावर घाई करून अंडी थोडी आधी घालता येतात, पण प्रवासाची सुरुवातच जुन्या वेळापत्रकाने झालेली असते. अळ्यांचा बहर जिथे सर्वांत लवकर येऊन सरू लागला, त्या जंगलांत दोन दशकांत या पक्ष्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जिथे बहर उशिरा येतो तिथे घट फारच कमी होती. पंधरा-वीस दिवसांनी बिघडते काय, या प्रश्नाला माझ्यापाशी याहून स्पष्ट उत्तर नाही. पतंगाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण तीतून आशेला थोडी जागा दिसते. उबेमुळे त्या पतंगाची अंडी पालवीच्या आधीच फुटू लागली होती. मग अंडी उशिरा फुटणाऱ्या माद्यांची संतती अधिक टिकली, आणि काही पिढ्यांतच अंडी फुटण्याची वेळ ओकच्या पालवीकडे परत सरकली. वर्षाला एक पिढी होणाऱ्या कीटकाला हे जमते. ज्याची पिढी तीस-चाळीस वर्षांची, त्या वृक्षाला तितक्या वेगाने बदलता येत नाही.

व्यापक चित्राबद्दल थोडक्यात एवढेच, की ते पुरेसे पक्के आहे. युरोपातील २१ देशांतील ५४२ वनस्पती जातींच्या १९७१ ते २००० या काळातील नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा पालवी, फुलोरा आणि फळे यांच्या ७८ टक्के नोंदमालिका लवकर सरकलेल्या आढळल्या. जपानमध्ये क्योतो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी दरबारी रोजनिशींतून थेट नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात. २०२१ मध्ये तिथला पूर्ण बहर २६ मार्चला आला, आणि त्याआधीच्या सुमारे १,२०० वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आलेला नव्हता.

मात्र ही सगळी मांडणी उचलून सह्याद्रीवर ठेवणे चुकीचे ठरेल, आणि आपल्याकडे लिहिताना-बोलताना नेमकी हीच चूक वारंवार होते. थंड प्रदेशात ऊब आली की जीवन सुरू होते. आपल्याकडे ऊब बारा महिने असते. तुटवडा असतो तो पाण्याचा. आपली चैत्रपालवी तर या हिशेबाला उलटीच वाटते: मार्च-एप्रिलच्या ऐन कोरड्या दिवसांत, पावसाला अडीच-तीन महिने असताना, कोशिंब लालभडक कोवळ्या पानांनी डवरतो. उष्ण कटिबंधातील पानझडी रानांत अशी पावसाआधीची पालवी वाढत्या दिवसाच्या इशाऱ्याने आणि खोल मातीतल्या शिल्लक पाण्यावर फुटते, असे मानायला चांगला आधार आहे. म्हणजे आपल्याच रानात काही झाडे दिवस मोजतात आणि त्यांच्या पायाशी असलेले बेडूक, काजवे, गवत पाऊस मोजतात. पालवीची वेळ फारशी हलणार नाही, पावसाची हलेल, आणि मधले अंतर कमीजास्त होत राहील.

पावसाची वेळ हलली आहे का, याचे अधिकृत उत्तर उपलब्ध आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि माघारीच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. आधीच्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवर बेतलेल्या होत्या. मुंबईतील आगमन १० जूनऐवजी ११ जून झाले, म्हणजे जवळपास होते तिथेच राहिले. पण मुंबईतून माघार २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली, आणि वायव्य राजस्थानातून माघारीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर. पाऊस आता उशिरा संपतो ही गोष्ट ग्रामीण भागात सगळेच बोलतात. ती आकड्यांतही आहे. दुसरी गोष्ट अशी, की पावसाळ्याच्या पोटात खंड वाढले आहेत. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक वेळा आले. आणि एखाद्या वर्षी तर सगळेच अंदाज मोडतात: २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोहोचला, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी.

आता काजव्यांकडे येतो. सह्याद्रीत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा बहर असतो. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओलसर पाचोळ्यात, गोगलगायी आणि तत्सम मऊ जीव खाण्यात जाते. वळवाच्या सरींनी माती भिजते, हवा दमट होते, आणि प्रौढ काजवे बाहेर पडतात. त्यांच्यापाशी जोडीदार शोधायला जेमतेम काही आठवडे असतात. वळीव आणि मोसमी पाऊस यांच्यामधली ही मोकळी फट हाच त्यांचा हंगाम. मुसळधार पावसात त्यांना उडता येत नाही, आणि मादीला नराचा लुकलुकाट दिसतही नाही. मे महिन्यातच झड लागली की ती फट बुजते. एका वर्षाने जात नाहीशी होत नाही, पण अशी वर्षे लागोपाठ आली तर पुढच्या अळ्या कमी होणारच. बेडकांचे संकट याच्या उलट बाजूचे आहे. पहिल्या जोरदार पावसाला भारतीय बैल बेडकाचे नर एका रात्रीत लिंबासारखे पिवळेधमक होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून डबक्याकाठी ओरडू लागतात, आणि दोन-तीन दिवसांत वीण उरकते. ते पहिल्या पावसावर विश्वास ठेवतात. त्यानंतर तीन आठवड्यांचा खंड पडला तर डबके आटते. तळाच्या चिखलात बेडकांची हजारो शेपटीवाली पिल्ले काळ्या ठिपक्यांसारखी चिकटून वाळलेली मी भातखाचरांच्या कडेला पाहिली आहेत. दुबार पेरणीचे संकट शेतकऱ्यावर येते ते आपल्याला दिसते. बेडकाला मात्र त्या वर्षी दुबार पेरणी बहुधा जमत नाही.

हापूसच्या बाबतीत मला सर्वांत खात्रीने बोलता येते. आंब्याला मोहोर येण्यासाठी तीन गोष्टी एकापाठोपाठ घडाव्या लागतात. पावसाळा संपता-संपता आलेली पालवी जून व्हावी लागते. मातीतला ओलावा कमी होऊन झाडाची वाढ थबकावी लागते. आणि मग रात्रीचे तापमान काही आठवडे २० अंशांच्या बरेच खाली, शक्यतो १५ अंशांच्या आसपास उतरावे लागते. दिवसाच्या लांबीचा येथे फारसा संबंध नाही. थंडी हीच खूण आहे. पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला की पालवी उशिरा फुटते, डिसेंबरची थंडी आली तरी ती काडी कोवळीच असते, आणि कोवळी काडी मोहरत नाही. म्हणजे माघारीची तारीख नऊ दिवसांनी पुढे गेली, हे हवामान खात्याच्या तक्त्यातले वाक्य बागायतदाराच्या घरात मोहोर महिनाभर लांबण्याच्या रूपाने पोहोचते.

पुनर्मोहोर कसा येतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. डिसेंबरच्या थंडीत काडीच्या शेंड्यावर मोहोराचा तुरा आला, परागण झाले, जानेवारीत कणी धरली. एरवी यानंतर थंडी सौम्य होत जाते आणि झाडाचे सगळे अन्न त्या फळांकडे वळते. पण मध्ये दहा-पंधरा दिवस उबदार जाऊन पुन्हा कडक थंडीची लाट आली, तर झाडाच्या लेखी तो नवा हंगाम असतो. वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळे धरलेल्या त्याच काडीच्या बगलेतून नवा, लालसर, टवटवीत मोहोर बाहेर पडतो. तो मोहोर पोसण्यासाठी लागणारे अन्न फळांच्या तोंडचे असते. आठवडाभरात फळाचा देठ पिवळसर होतो, देठाच्या जोडापाशी बारीक वळ दिसतो, आणि बोटाने नुसता स्पर्श केला तरी फळ गळते. सकाळी झाडाखाली गेले तर पाचोळ्यावर हिरव्या वाटाण्यांचा सडा पडलेला असतो. ज्याने वर्षभर फवारण्यांवर आणि राखणीवर खर्च केला आहे त्याच्यासोबत तो सडा पाहणे अवघड असते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिब्रेलिक आम्ल या वनस्पती-संजीवकाच्या फवारणीची शिफारस केलेली आहे आणि वेळ साधली तर तिचा उपयोग होतो. पण थंडीची दुसरी लाट येणार हे आधी कळले तरच वेळ साधते. त्यात आणखी एक पेच आहे. थंडी फार लांबली तर मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते आणि फळ धरणारी उभयलिंगी फुले कमी होतात. मोहोर भरगच्च दिसतो पण कणी धरत नाही. आणि मार्चमध्ये पारा एकाएकी ३५ अंशांच्या वर गेला तर टिकलेली फळेही भाजतात, गळतात. आंब्याला थंडी हवी, पण ती सलग आणि बेताची हवी. आपल्या हिवाळ्यांतून ही सलगताच निघून चालली आहे असे मला माझ्या नोंदींवरून वाटते. प्रत्येक लाटेचे खापर हवामान बदलावर फोडणे मला मान्य नाही, पण पावसाची लांबलेली माघार आणि वाढते किमान तापमान यांनी झाडाचा क्रम मुळातच सैल केला आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

बहाव्याबद्दल मी आधीच सावध बोललो, त्याची कारणे आता सांगतो, कारण नोंदी ठेवताना ती सर्वांनाच उपयोगी पडतील. रस्त्यावरच्या झाडाला दिव्याचा प्रकाश मिळतो, डांबर आणि भिंतींची ऊब मिळते, शेजारच्या बागेचे पाणी मुळांपर्यंत जाते, आणि नगरपालिकेची छाटणी होते. यातल्या कशानेही फुलोरा मागेपुढे होतो. बहावा तर मुख्य बहराव्यतिरिक्तही तुरळक फुलणारे झाड आहे. आंब्यातही हीच अडचण आहे. कोकणात पुष्कळ बागांत पावसाळ्यात कल्टार घातले जाते, ज्याने झाडाची वाढ रोखली जाऊन मोहोर लवकर येतो. तेव्हा बाजारातली पहिली पेटी पूर्वीपेक्षा लवकर आली, यावरून ऋतू सरकला असा निष्कर्ष काढता येत नाही. मला खरे सांगते ते बांधावरचे, ज्याला कोणी खत-पाणी घालत नाही असे रायवळ आंब्याचे झाड.

आठवणींचा दुसरा सापळा पंचांगाचा आहे. "पूर्वी पाडव्याला अमुक फुललेले असायचे" असे आपण म्हणतो, पण गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. तीन वर्षांत एकवीस दिवसांचा फरक. झाड अधिक मास पाळत नाही. म्हणून तिथीच्या आठवणी मी ऐकतो आणि आदराने ऐकतो, पण इंग्रजी तारखेत उतरवल्याशिवाय त्यांची तुलना करत नाही. पावसाची नक्षत्रे सौर असल्याने त्यांच्यात इतका फरक पडत नाही. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. तरी परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या अतिशय संथ डोलण्यामुळे, तीही सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. ज्यांनी मृगाचा किडा आणि पेरणी यांची गाठ पहिल्यांदा बांधली, त्यांच्या काळी मृग आजच्यापेक्षा काही दिवस आधी लागत होता. हा बदल आकाशातला आहे, हवेतला नाही, आणि शेतीच्या जुन्या म्हणींवरून हवामानाचे निष्कर्ष काढणाऱ्याने तो वजा केलाच पाहिजे.

भोरडीचे उदाहरण मला यात फार बोलके वाटते. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणाऱ्या या पक्ष्याला मराठीत पळसमैना असेही म्हणतात, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या पळसावर, सावरीवर, पांगाऱ्यावर तिचे थवे मध प्यायला उतरतात आणि मग एप्रिलच्या सुमारास परतीला लागतात. आपल्या भाषेने पक्ष्याच्या नावातच झाडाशी असलेली त्याची वेळ नोंदवून ठेवली आहे. पळस त्याच्या खुणेने फुलतो, पळसमैना तिच्या खुणेने निघते. या दोन तारखा आज जुळतात की नाही, हे एकाच माणसाने एकाच माळावर वीस वर्षे पाहिले तर सांगता येईल.

शिक्षिकेने शेवटी विचारले आहे, की शाळेत मुलांकडून काय नोंदवून घ्यावे. पाणी न घातलेली, छाटणी न होणारी, दिव्यापासून दूर असलेली पाच-सहा झाडे निवडावीत. पळस, बहावा, रायवळ आंबा, जांभूळ, कोशिंब असे परिसरात जे असेल ते. खोडावर क्रमांक लावावा आणि आठवड्यातून एकदा, त्याच वारी, कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे यांपुढे फक्त "नाही", "थोडे" किंवा "पुष्कळ" असे लिहावे. देशभर झाडांच्या ऋतुचक्राच्या नोंदी गोळा करणारा "सीझनवॉच" हा उपक्रम याच पद्धतीने चालतो आणि त्यात शाळांचा मोठा वाटा आहे. आपली नोंद तिथेही देता येईल. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे केवळ पहिले फूल दिसल्याची तारीख लिहीत होतो, आणि ती नोंद आज मला जवळजवळ निरुपयोगी झाली आहे, कारण पहिले फूल कधी दिसते हे मी किती वेळा गेलो आणि किती झाडे पाहिली यावर अवलंबून असते. बहर कधी सुरू झाला, कधी भरात आला आणि कधी ओसरला, हे तिन्ही लागते. ज्या आठवड्यात झाडावर काहीच नव्हते, त्या आठवड्यातही "नाही" असे लिहिलेच पाहिजे. कोरे पान आणि "नाही" यांत फार फरक आहे. झाडाच्या नोंदीशेजारी त्यावर आलेल्या मधमाश्या, फुलपाखरे, पक्षी यांचा एक रकाना ठेवावा, कारण शेवटी आपल्याला सांगड पाहायची आहे.

इंग्लंडमधील नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये आपल्या जमिनीवरच्या वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, आणि त्यांच्या घराण्याने ती वही १९५८ पर्यंत चालू ठेवली. शाळेला वर्ग बदलत राहतात, मुले पुढे जातात, शिक्षक निवृत्त होतात. म्हणून वही मुलांच्या नावाने न ठेवता झाडाच्या नावाने ठेवावी, आणि ती मुख्याध्यापकांच्या कपाटात हजेरीपटाशेजारी राहावी. यंदाचा बहावा फेब्रुवारीत का फुलला याचे उत्तर मला आज देता येत नाही, पण पुढच्या सोमवारपासून त्याच्यापुढे काय लिहायचे ते वर दिले आहे.